पाहुण्यांसाठी राखीव

माणसाची प्रतिष्ठा कुठल्याही सत्तेच्या मेहेरबानीवर अवलंबून नसते, ती उपजत असते, असं मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. राज्यशास्त्राच्या पेपरात हे वाक्य लिहिणाऱ्यांना गुणही दिले. माझ्या भाच्यापुरतं बोलायचं तर त्या उन्हाळ्यात त्याची प्रतिष्ठा पाण्याच्या एका प्लास्टिकच्या बाटलीवर अवलंबून होती, आणि ती बाटली शाळेतून रोज भरलेलीच परत येत होती.

बहीण धारला असते, मी देवासला. तिचा फोन रविवारी येतो. तो आडवारी, भर दुपारी आला तेव्हा मी आधी खुर्चीत बसून घेतलं.

"दादा, ह्याला परत लघवीला जळजळ होतेय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी याआधीही औषध दिलं होतं. या खेपेला सोबत दमही दिला होता: पोरगं दिवसभर असं कोरडं राहिलं तर दुखणं मूत्रपिंडापर्यंत जाईल. घरी तो पाणी पीत असे. शाळेत नाही. सकाळी निघण्याआधी एक घोट, मग दुपारी परत येईपर्यंत काही नाही. एप्रिल महिना, आणि धारचं ऊन.

कारण तिला ठाऊक होतं, मलाही. भाचा अकरावीत होता. तो जन्मला तेव्हा आमच्याकडे बर्फी वाटली होती. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, ही मराठी घरांची रीत इकडच्या मिठाईवाल्यांनाही पाठ आहे. पंधराव्या वर्षी त्यानं आईला सांगितलं की बर्फी चुकून वाटली गेली. "मी मुलगा आहे, आई. पहले से ही." बहीण आधी रडली, मग महिनाभर त्याच्याशी फक्त जेवणापुरतं बोलली, मग एके दिवशी स्वतःच त्याला केस कापायला घेऊन गेली. मला फोनवर म्हणाली, "दादा, आता भाचा म्हणायचं." मी म्हणू लागलो. मेहुणे पीथमपूरला कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

शाळेत दोनच दरवाजे होते. मुलींच्या स्वच्छतागृहात त्याचे कापलेले केस बघून मुली किंचाळल्या आणि सफाईच्या बाईंनी त्याला दंड धरून बाहेर काढलं. मुलांच्या स्वच्छतागृहात दोघा-तिघांनी दार बडवलं आणि एकानं वरून डोकावून पाहिलं. त्यानंतर त्यानं आपला उपाय शोधला: पाणीच प्यायचं नाही. उपाय बिनतोड होता, फक्त शरीराला मंजूर नव्हता. म्हणून आता दुसरा काढला होता.

"म्हणतो, शाळा सोडतो, बारहवीं प्राइवेट देईन," बहीण सांगत होती. "एकदा घरात बसला की परत निघेल का रे? दादा, तू एवढी पुस्तकं वाचलीस. कायद्यात काहीतरी असेल ना?"

पुस्तकं वाचलेल्या माणसाकडून लोकांच्या अशा अपेक्षा असतात.

कायद्यात होतं. संसदेनं केलेला कायदा होता, आणि शिक्षणसंस्थेनं अशा विद्यार्थ्यांशी भेदभाव करू नये, तक्रार ऐकायला एक माणूस नेमावा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी हिंदी प्रत वाचायला घेतली आणि ती समजावी म्हणून इंग्रजी प्रत उघडली. शिक्षकांसाठी एक सरकारी पुस्तिकाही निघाली होती म्हणे. ती मला मिळाली नाही. ती संकेतस्थळावरून काढून टाकल्याच्या बातम्या मात्र मुबलक मिळाल्या. मराठीत एक चांगलं माहितीपत्रक सापडलं, पण ते महाराष्ट्रातल्या शाळांसाठी होतं. तरी भाच्याला पाठवलं. त्याचा निरोप आला: "मामा, ये हिंदी में नहीं है क्या? मराठी वाचायला टाइम लागतो." दरबारी कारकुनी करायला माळव्यात आलेल्या घराण्याची ही प्रगती.

कायदा हाती आला, पण तो आमच्या जिल्ह्यात चालवतो कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी माणसाकडे जावं लागतं, आणि तिथेच मी अडलो. देवासात मराठी माणूस एकटा नसतो, तो कोणाचा तरी कोणीतरी असतो. इथे विचारलेला प्रश्न बसच्या आधी धारला पोचतो. आणि भाच्यानं एकच अट घातली होती, कोणाला कळता कामा नये. म्हणून मी एक मित्र तयार केला. त्या मित्राला एक मुलगा होता.

सरकारी कार्यालयातल्या टेबलापलीकडच्या गृहस्थांनी मित्राची हकिगत शांतपणे ऐकून घेतली. "ऐसा कोई केस अपने जिले में नहीं है, भिया," ते म्हणाले.

"नहीं है, या आया नहीं?"

"जब आया ही नहीं, तो है कैसे?"

हा युक्तिवाद इतक्या कमी शब्दांत मी वर्गातही कधी मांडू शकलो नसतो. ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीचं प्रमाणपत्र कलेक्टरकडून मिळतं, अर्ज कॉम्प्यूटरवर करायचा, मूल लहान असेल तर आईबापांनी करायचा, एवढं त्यांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं. शाळेतल्या स्वच्छतागृहाचं काय? "वो तो स्कूल जाने." आणि शाळेनं ऐकलं नाही तर? "तो लिख के दे दो. बच्चे का नाम, स्कूल का नाम." त्यांनी पेन उचललं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकाएकी जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "आपण कोणाकडचे?"

मी आडनाव सांगितलं. गृहस्थ खुलले. त्यांच्या मावशी आमच्या काकूंकडे हळदीकुंकवाला येत असत. "म्हणजे आपण थोरल्या पातीतले. आम्ही धाकट्या." देवासात एकेकाळी एकाच गावावर दोन राजे होते, रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचं. राज्यं गेली, चौकशी अजून तिथूनच सुरू होते. आपली बाजू सोडून रस्ता ओलांडणाऱ्याकडे हे गाव आजही जरा निरखून बघतं.

"मित्र आपले धारचे का?" त्यांनी सहज विचारलं. "आपली भगिनी तिकडेच दिली आहे ना?"

"नेमावरचा," मी म्हणालो. नेमावरला माझं कोणीही नाही. नर्मदेच्या काठी एक अख्खं कुटुंब वसवून मी जिना उतरलो. पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की मला वाटायचं, कळलं. बहिणीच्या सासरी कळलं, मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं, आता पोरगं शाळाच काय, धारही सोडेल. फोन बहुतेक वेळा कर्ज हवंय का विचारणाऱ्या कंपन्यांचे असत. मी त्यांच्याशी इतक्या आनंदानं बोलू लागलो की त्या पुन्हा पुन्हा फोन करू लागल्या.

शेवटी अशा मुलांसाठीच्या एका हेल्पलाइनचा नंबर फिरवला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, हिंदी बोलणारी. मी पुन्हा नेमावरहून सुरुवात केली. तिनं मध्येच विचारलं, "आपके दोस्त के बेटे ने आज स्कूल में पानी पिया?"

"नहीं," मी म्हणालो. मग म्हणालो, "भांजा है मेरा."

"अच्छा," ती म्हणाली, नेमावरचं कुटुंब तिला पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखी. प्रमाणपत्र, हजेरीतलं नाव, हे सगळं पुढे बघू, आधी पाणी, असं तिचं म्हणणं. शाळेकडे एकच गोष्ट मागा. कायद्याची प्रत जवळ असू द्या, पण गेल्या गेल्या ती उगारू नका. आणि शाळेत कोणाला कळावं हे पोरगा ठरवेल. मुख्याध्यापक नाही, आई नाही, "और मामाजी भी नहीं." मग तिनं विचारलं, "उसे क्या चाहिए, ये किसी ने पूछा?"

मी कायदा वाचला होता, कार्यालय गाठलं होतं, एक मित्र निर्माण केला होता. हे राहिलं होतं.

रविवारी धारला गेलो. भाचा गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता, हातात पाण्याचा तांब्या. घरी तो असाच प्यायचा, सगळा दिवस भरून काढल्यासारखा.

"क्या बोला वो बाबू?" त्यानं विचारलं.

"म्हणाला, जिल्ह्यात असा कोणी नाही."

"बढ़िया. मग मी कोण, भूत?" तो हसला, मग तांब्या खाली ठेवला. "मामा, खरं सांगू? कल मॅथ्सच्या तासाला उठताच येईना, इतका पेट दुखत होता. मी बोललो, झोप लागली होती. सब हँसे. चालतं. पण रोज नाही होत आता."

"तुला काय हवंय?"

त्याला विचार करावा लागला नाही. "एक दरवाजा. आतून बंद होणारा. और कोई भाषण नहीं, मामा, तुम्हाला आदत आहे."

असा एक दरवाजा शाळेत होता, हेही त्यानंच सांगितलं. तळमजल्यावर, ऑफिसशेजारी, पाहुण्यांसाठी राखीव. वार्षिकोत्सवाला उघडतात, मग वर्षभर कुलूप.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं मुख्याध्यापकांसमोर बसलो. शाळा धारबाहेर तिरला गावाच्या रस्त्याला आहे, खाजगी, आणि खोलीत चषक इतके की माणसांना जागा बेताचीच. मी नकाराची तयारी करून गेलो होतो. उत्साहाची केली नव्हती.

"बहुत ही सुंदर विषय है!" मुख्याध्यापक म्हणाले. सप्ताह साजरा करू या, जागरूकता सप्ताह. बॅनर, रॅली, मुख्य अतिथी. जिल्ह्यातली पहिली शाळा ठरेल आपली. "और बच्चे से स्टेज पर दो शब्द बुलवा लेंगे."

भाच्यानं पायाजवळचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, उठण्याआधी घेतात तसं. मला वाटलं, गेला. हा आता या दारातून बाहेर पडला की पुन्हा आत यायचा नाही. मी कायद्याची प्रत काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला चष्म्याचं घर लागलं.

बहिणीनं त्याच्या दप्तरातून बाटली ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. काठोकाठ भरलेली.

"सर, ये मैंने सुबह भरी थी," ती म्हणाली. "अब छुट्टी हो गई. रोज ऐसे ही वापस आती है. सप्ताह बाद में मना लीजिए. अभी इसे गेस्टवाले बाथरूम की चाबी दे दीजिए."

मुख्याध्यापक बाटलीकडे बघत राहिले. "वो तो अतिथियों के लिए है."

"अतिथि कब आते हैं?" मी विचारलं.

"जनवरी में."

एप्रिल चालू होता. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. "मान लो, कोई बड़े साहब अचानक आ गए तो?"

"तो चाबी मैं दे दूँगा, सर," भाचा म्हणाला. त्या खोलीतलं त्याचं ते पहिलं वाक्य. "और किसी को बताना नहीं है. सिर्फ क्लास टीचर को. वो मैं खुद बोलूँगा."

किल्ली मिळाली. लेखी काही मिळालं नाही. कायद्याची प्रत मी आता समोर ठेवली. त्यांनी शीर्षक वाचलं, मान डोलावली आणि वर पेपरवेट ठेवला. तक्रार ऐकायला कोणाला नेमलं आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "मैं हूँ ना." हजेरीतलं नाव जुनंच राहिलं. उद्या हे गृहस्थ बदलले, किंवा जानेवारीत त्यांना स्टेजवरचे दोन शब्द पुन्हा आठवले, तर काय? ही काळजी मी त्या खोलीतून सोबत घेतली, ती अजून उतरवलेली नाही.

पाहुण्यांच्या स्वच्छतागृहाबाहेर संगमरवरी पाटी होती. कोणाच्या करकमलांनी, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणाच्या गरिमामय उपस्थितीत. उद्घाटन नेमकं कसं केलं, ते लिहिलेलं नव्हतं. आत टॉवेलची दांडी अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होती. भाचा आत गेला, त्यानं दार लावलं. दार हळूच आपोआप उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"मामा," आतून आवाज आला, जरा बारीक, "इसमें कुंडी ही नहीं है."

आतून कडी बसवायची कोणाला गरज वाटली नव्हती. पाहुणे आत असले की बाहेर शिपाई उभा राहतो.

येताना बाजारातून कडी घेतली. घरी मेहुणे पाळी संपवून नुकतेच आले होते. भाच्यानं कडी चहाच्या कपाशेजारी ठेवली. मेहुण्यांनी ती उचलली, सरकवून पाहिली, उलटी करून पाहिली.

"दार लोखंडी आहे की प्लायचं?" त्यांनी भाच्याला विचारलं.

या विषयावरचा हा त्यांचा पहिला प्रश्न.

"प्लाय," भाचा म्हणाला.

"मग पाऊण इंची लागतील. सकाळी मी येतो लावायला." चहा तसाच ठेवून त्यांनी चपला परत पायात घातल्या आणि बाजाराकडे निघाले. कडीसोबत स्क्रू येत नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात.