देव बाहेर काढले तेव्हा

मी देवधर्म करणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई गेल्या आणि त्यांचे पितळी देव माझ्या गळ्यात पडले: बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सोंड झिजलेला गणपती. इकडे हिंदी मुलखात, शिवाजी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते दिवाळीपुरते चमकायचे, एरवी धूळ खात. कुणी टोकलंच तर मी फटकन म्हणायची, "मला कामं आहेत."

त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या भाभी धडाधडा जिना उतरून आल्या. इंदूरची बस आष्ट्याजवळ उलटली होती. माझी लेक आणि त्यांचा मुलगा सकाळी त्याच बसने कॉलेजला निघाले होते. लेकीला फोन लावला. बंद. त्यांच्या मुलाचाही बंद.

आणि आठवलं काय, तर सासूबाई अशा वेळी देव पाण्यात ठेवायच्या. संकट टळेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. मी वरणाचं पातेलं नळाखाली धरलं आणि तिघांना त्यात बुडवलं.

"ये क्या कर रही हो, दीदी?"

मी सांगितलं. भाभींनी त्या पातेल्यासमोर हात जोडले. "मेरे वाले का भी बोल देना. तुम्हारे भगवान हैं, तुम्हारी सुनेंगे."

"हाँ हाँ, बोलती हूँ," मी म्हटलं. त्या आणखी कुणाकुणाला फोन करायला वर गेल्या. मी ओट्याला डोकं टेकलं आणि देवाला म्हटलं, 'माझी पोर तेवढी वाचव. बाकीच्यांचं काय करायचं ते कर.' शब्द माझेच. लिहितानाही लाज वाटते, पण ते गोड करून सांगण्यात काय अर्थ आहे?

अर्ध्या तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला. "आई, मी ठीक आहे गं. कपाळाला टाके पडलेत थोडे." मी रडले, हसले, "गाढवे, जीव घेतलास माझा" म्हणून तिच्यावर खेकसलेसुद्धा. फोन ठेवला आणि लगेच देव बाहेर काढले. पदराने एकेकाला पुसलं, पुढ्यात गुळाचा खडा ठेवला. बाई गं, काय भक्ती उतू चालली होती माझी!

तेवढ्यात भाभी दारात. डोळे सुजलेले. त्यांनी रिकामं पातेलं पाहिलं, मग देव पाहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"निकाल दिए? मतलब दोनों ठीक हैं?"

मी लेकीला त्यांच्या मुलाबद्दल विचारलंच नव्हतं.

तोच नंबर परत लावला. "अगं, तो इथेच आहे," लेक म्हणाली. "पाय मोडलाय, एक्स-रेला नेलंय, पण बोलतोय. मघाशी विचारायचंस ना!"

भाभी माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "दीदी ने भगवान से दोनों का बोला था." मी तिथे असले तर चहा ठेवायचं निमित्त काढून आत निघून जाते.