गोलफळीमागची खुर्ची

माझे संपूर्ण नाव तुकाराम लक्ष्मण गिऱ्हेपुंजे, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा. नाव आणि वय आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे ऐकल्यावर हा पराक्रम दुसऱ्या कुणाचा असावा, अशी शंका तुम्हाला येईल. तो माझाच आहे. चांगल्या चाललेल्या एका हॉकी संघाची मी एकट्याने चार महिन्यांत माती केली, आणि तीही स्टिकला हात न लावता. चहा निवू देऊ नका, सावकाश सांगतो.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. मोठेपणी तीस वर्षे मी वाचनालयात शिपाई होतो. लोक पुस्तके घरी नेत, मी ती कपाटातून काढताना आणि परत लावताना वाचत असे. नाटक, इतिहास, शेती, होमिओपॅथी, काही सोडले नाही. त्यामुळे शुद्ध बोलण्याची आणि वाक्य शेवटपर्यंत नेण्याची मला सवय लागली. अर्धे वाक्य सोडून देणारी माणसे मला अर्धी चप्पल घालून चालणाऱ्यांसारखी वाटतात. मात्र वाचनालयात बोलायचे कुणाशी? माझ्या टेबलामागेच ‘शांतता राखा’ ही पाटी होती, आणि ती मीच रंगवलेली होती.

निवृत्त झालो त्याच वर्षी आमची मंडळी गेली. मुलगी रायपूरला दिली आहे, तिचे पत्र दिवाळीला येते. तीस वर्षे साठवलेली वाक्ये तोंडापर्यंत आली होती आणि समोर होती एक मांजर. तीही शेजाऱ्यांची.

अशा वेळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत परसराम भाड्याने राहायला आला. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमच्या भागात एका कंपनीचा हॉकी संघ होता. कंपनीचे नाव सांगत नाही, तिथली माणसे अजून हिंडती-फिरती आहेत. खेळाडूंना कंपनी पगार देई तो खेळण्याचाच, बाकी हजेरीपटावर सही करायची आणि मैदानावर जायचे. परसराम हा त्यांचा नवा गोलरक्षक, वय वीस, गाव नाकाडोंगरी. अंगाने सागाच्या खांबासारखा आणि स्वभावाने नवरीसारखा. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. सहा महिने नीट गेले तर कायम, नाही तर परत नाकाडोंगरी.

पोराचे वळण इतके चांगले की मी थक्क झालो. वडील माणूस बोलू लागले की हातातले काम थांबवायचा, त्याच्याकडे तोंड करायचा, बोलणे संपेपर्यंत उभा राहायचा आणि मग म्हणायचा, “हो जी.” तांब्या घेऊन विहिरीकडे निघालेला असो की पायात काटा मोडलेला असो, माझे वाक्य संपेपर्यंत तो हलत नसे. आता तुम्हीच सांगा, असा श्रोता मिळाल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करावे? मी रोज संध्याकाळी त्याला शिवकाळापासून सुरुवात करून मधमाश्यांपर्यंत सर्व ऐकवू लागलो.

पहिले दोन महिने संघ जिंकत होता. परसरामच्या अंगावरून चेंडू जाणे कठीण, असे लोक बोलत. मग एके दिवशी तोच म्हणाला, “काका, एकदा मॅच पाहाले या नं.” गेली कित्येक वर्षे मला कुणी कुठे या म्हटले नव्हते. मी धुतलेले धोतर नेसलो, छत्री घेतली, घडीची खुर्ची घेतली आणि निघालो. प्रेक्षक बाजूच्या रेषेवर गर्दी करून उभे होते. त्यात माझ्या ओळखीचे कुणी नव्हते. म्हणून मी खुर्ची थेट परसरामच्या गोलमागे, जाळीला लागून मांडली. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा खुर्ची उचलून त्याच्यामागोमाग दुसऱ्या टोकाला गेलो आणि तेथूनही त्याला धीराचे शब्द सांगत राहिलो.

त्या दिवशी संघ हरला.

पहिल्या सामन्यालाच असे व्हावे, याचे मला वाईट वाटले. पुढच्या सामन्याला मी जाण्याआधी हॉकीच्या नियमांचे पुस्तक वाचनालयातून आणून पाठ केले. गोलमागून मला सगळे मैदान दिसत होते. मग जे दिसते ते त्या पोराला सांगायला नको? समोरून आक्रमण आले की मी म्हणे, “परसराम, प्रतिपक्षाचा तो उंच खेळाडू आपल्या डावीकडून येत असल्याचा आभास निर्माण करीत आहे, तथापि माझ्या मते तो चेंडू उजवीकडेच मारील.” निदान अचूक असे बरे का. चेंडू उजवीकडेच यायचा. पण का कोण जाणे, माझ्या वाक्याचा पूर्णविराम आणि गोलच्या मागच्या फळीवर चेंडू आदळल्याचा ठक् असा आवाज, हे दोन्ही नेमके एकाच वेळी व्हायचे.

संघ लागोपाठ हरत गेला. रेषेवरचे लोक परसरामला चाळणी म्हणू लागले. संघाचा मॅनेजर त्याच्याशी बोलेनासा झाला. पोरगा घरी येऊन पॅडांचे पट्टे पुसत बसे आणि एक शब्द बोलत नसे. बोलत मीच असे. त्याचे मन रमावे म्हणून.

हे असे का होत असावे, याचा मी पद्धतशीर अभ्यास केला. प्रथम संशय दृष्टीवर गेला. त्याला भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, याला येथून कोका जंगलातला मोर दिसेल. मग आहार तपासला. रात्रीच्या भाताने सुस्ती येते, असे मी एका ग्रंथात वाचले होते. भात बंद केला. धानाच्या मुलखातला पोरगा तो, दोन आठवडे ज्वारीच्या भाकरीकडे परक्या माणसाकडे पाहावे तसा पाहत राहिला. पण म्हणाला काय? “हो जी.” शेवटी मी एकाग्रतेवर आलो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला समोर बसवून एकाग्रतेवर दीड तास बोलायचो.

तरी फळी वाजतच होती.

सहा महिने संपायला एक सामना उरला. मॅनेजरने परसरामला सांगितले होते की या सामन्यात सुधारणा दिसली नाही तर पेटी बांधायची. पोराने ती बातमी मला सांगितली नाही; मी त्याला खाटेखालून पेटी ओढून तिच्यावरची धूळ झटकताना पाहिले, तेव्हा विचारले. खरे सांगतो, नोकरी त्याची जाणार होती, पण संध्याकाळ माझी जाणार होती.

मी टाक घेतला आणि मॅनेजरसाहेबांना पत्र लिहिले. सात पाने. अक्षर सुवाच्य, परिच्छेद पाडलेले, शेवटी ‘आपला विश्वासू’. परसराम निर्दोष असून दोष इतरत्र शोधावा, अशी त्यात विनंती होती. पत्र स्वतः नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांनाही बोलावणे आले.

मॅनेजर नागपूरकडचे, जाडजूड, पण वाईट नव्हते. परसराम दारातच उभा राहिला. त्यांनी मला बसवले, पत्र उघडले आणि चौथ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “बाबूजी, हे मी वाचतो. चुकलं तर सांगा.”

आणि ते वाचू लागले. “‘येथे आवर्जून नमूद करतो की, ज्या दिवशी संघाची घसरण सुरू झाली, त्या दिवसापासून मी एकही सामना चुकवलेला नाही. प्रत्येक आक्रमणाच्या प्रसंगी मी गोलच्या मागून परसरामास सविस्तर मार्गदर्शन करीत असतो, आणि त्याचे आज्ञाधारकपण असे की, प्रत्येक वेळी तो माझ्याकडे वळून होकार देतो.’ हे तुम्हीच लिहिलं?”

मी अभिमानाने हो म्हणालो. तो शेवटचा अभिमान.

मॅनेजरसाहेबांनी पत्र टेबलावर ठेवले. मग परसरामकडे वळून म्हणाले, “अबे, मी चार महिन्यांपासून पाहून राहिलो, बॉल आला की तू मान फिरवते. मले वाटे, तू बॉलले भेते. तू यांना उत्तर देत होता काय?”

परसराम जमिनीकडे पाहत म्हणाला, “मोठं मानूस बोलून राहिलं तं त्याईले पाठ दाखवून कसं उभं राहावं जी?”

खोलीत पंखा होता. मला तो एकदम ऐकू यायला लागला.

मॅनेजरसाहेब हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. त्यांनी पत्राची घडी घातली, चहा मागवला आणि एवढेच म्हणाले की, शेवटच्या सामन्याला बाबूजींनी घरी विश्रांती घेतली तर कंपनी आभारी राहील.

परत येताना महामार्गाच्या कडेने आम्ही दोघे चालत होतो. ट्रक जात होते. मी विचारले, “मला सांगितले का नाहीस?”

“सांगनार होतो जी.” तो थांबला, माझ्याकडे तोंड केले, तेव्हाच बोलला. “पन तुमी दिवसभर घरी एकटेच राहता. सामन्यात कसे खुलून बोलता. मंग म्हटलं, बोलू द्यावं.”

चार महिने तो पोरगा अंगावर येणाऱ्या चेंडूकडे पाठ करीत होता, लोकांकडून चाळणी म्हणवून घेत होता, ते कशासाठी? एका म्हाताऱ्याचे वाक्य अर्धे राहू नये म्हणून. मी तीस वर्षे पुस्तके वाचली. त्यांत हे कुठे आले नव्हते.

शेवटच्या सामन्याला घरी राहायचे मी ठरवले होते. पण फळीचा आवाज कानात नसेल तर काय झाले ते कळायचे कसे? शेवटी गेलो. खुर्ची मात्र दूरच्या टोकाला, प्रतिपक्षाच्या गोलमागे नेऊन मांडली. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तसा मीही मैदानाला वळसा घालून पुन्हा दूरच्याच टोकाला गेलो. तेथून परसराम बोटाएवढा दिसत होता. आणि काय सांगू, त्या बोटाएवढ्या पोराने त्या दिवशी मान एकदाही वळवली नाही. पायाने, स्टिकने, छातीने, जे हाताशी येईल त्याने चेंडू अडवला. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. जीभ दातांखाली धरून बसलो होतो.

पण आमच्याही संघाचा गोल होत नव्हता. मिनिटे संपत आली. तेवढ्यात माझे लक्ष समोरच्या गोलरक्षकाकडे गेले. तोही पोरसवदाच होता, गोंदियाकडचा असावा. त्याच्या डाव्या पॅडचा पट्टा सुटून पायात लोंबत होता. पडला असता तर दात गेले असते. त्यात वाईट हेतू कसला? मी अगदी हळू म्हणालो, “बाळ, तुझ्या डाव्या पायाच्या पॅडचा मधला पट्टा सुटलेला असून त्यामुळे तू अडखळण्याचा संभव आहे.”

तो मुलगा वळला. दोन्ही हात खाली घेतले. “हो जी,” म्हणाला.

ठक्.

संघ त्या एका गोलने जिंकला. लोकांनी परसरामला खांद्यावर घेतले. मॅनेजरसाहेब मैदान ओलांडून पळत माझ्याकडे आले आणि चार माणसांदेखत माझा हात हातात धरून म्हणाले, “बाबूजी, पुढच्या प्रत्येक मॅचला या. जागा हीच. बसमधली खिडकीची सीट तुमची.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या वाक्यांसाठी जागा राखून ठेवत होते. मी नाही म्हणालो. पट्टा हातात धरून तो पोरगा अजून गोलमध्येच उभा होता, आणि त्याच्याशी कुणी बोलत नव्हते. त्याचेही सहा महिने चालू असतील, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते. मी खुर्चीची घडी घातली आणि त्याच्याजवळ जाऊन माफी मागितली. तो उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

परसराम कायम झाला. त्याला कंपनीच्या वसाहतीत खोली मिळाली आणि दसऱ्याच्या आधी तो पेटी घेऊन गेला. आता महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, भात खाऊन जातो. मी सामने पाहतो ते मधल्या रेषेवरून, उभा राहून, तोंडात लवंग धरून. पुढची खोली रिकामी आहे. माझी वाक्ये लहान झाली आहेत.