मी ठोकलेला तंबू

“अहो, दोरी सोडा! दोरी!” माझी बायको मीना ओरडत होती.

मी दोरी केव्हाच सोडली होती. दोरी मला सोडत नव्हती!

इस्लापूरजवळच्या माळावर एक तंबू आडवा पडला होता आणि त्याच्या पोटात मी होतो. बाहेर मीनाच्या शाळेतली चाळीस लेकरं हाताची घडी घालून, शिस्तीत, पुढच्या पायरीची वाट बघत उभी होती.

मीना मुखेडकडच्या एका शाळेत शिकवते. लेकरं ऊसतोड कामगारांची. दसरा झाला की आईबापामागं कारखान्याच्या गावी जातात. नुसतं हिंडायला म्हणून एकानंही कधी गाव सोडलेलं नाही. त्यांना धबधबा दाखवायचा, दोन दिवस माळावर शिबिर करायचं, म्हणून मीना वर्षभर मुख्याध्यापकांच्या मागं लागली होती. बिराजदार सर शेवटी ‘हो’ म्हणाले, पण अट घालून. “मॅडम, पाचच्या आत सगळे तंबू उभे पाहिजेत. न्हाईतर लेकरं बसमध्ये अन् बस माघारी!”

आणि नेमका तंबू ठोकणारा माणूस तापानं फणफणला.

“त्यात काय एवढं? मी हाय न!” मी गरजलो. “एनसीसीत होतो मी!” (चार दिवस. पाचव्या दिवशी बूट चावला.)

आधी थुंकी लावून बोट वर धरलं, वाऱ्याची दिशा पाहिली. मग अर्धा तास खुंटीवर बोललो. खुंटी या विषयावर इतकं सखोल अख्ख्या मराठवाड्यात कुणी बोललं नसेल! सातवीतली शीतल तेवढी एकदा माझ्या खुंटीकडं, एकदा माझ्याकडं बघून राहिली होती. आजारी म्हशीकडं बघावं तशी.

तंबू उभा राहिला. बरोबर एक फोटो काढण्यापुरता! मग वारा आला आणि तंबू मला घेऊन ताडाएवढा उडाला. (मीना म्हणते, गुडघ्याएवढा.)

“मॅडम, पावणेपाच,” सर घड्याळ बघत म्हणाले. ड्रायव्हरनं बस चालू केली. मीना एकदम गप्प झाली. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या ओरडण्याला मी कधी भ्यालो नाही, पण ती गप्प झाली की संपलं!

“बाई, आमी लावू का?” शीतलनं विचारलं.

“लाव ग माय!”

शीतलनं माझी खुंटी दोन बोटांनी उपटली, गाजर उपटावं तशी. “ए, दगडं आणा! तू तिकडून ताण! इकडं उतार हाय, चर काढा!” बघता बघता आठ तंबू उभे! सर एका तंबूच्या खांबावर सगळ्या वजनानिशी रेलले (आणि सरांचं वजन म्हणजे वजन). खांब हलला नाही.

“बंद कर रे गाडी,” सर म्हणाले. त्यावर जो कल्ला झाला, तो धबधब्यालाही ऐकू गेला असेल!

मी अंगाभोवतीची दोरी सोडवत शीतलला गाठलं. “कुठं शिकलीस ग हे?”

“ऊसतोडीला जातो न आमी. तितं पालातच ऱ्हातो सा म्हैने. सगळेच ठोकतेत.”

सगळेच! चाळीसच्या चाळीस! ही लेकरं तिकडं कापडाच्या पालात राहतात, हे मला माहीत होतं. डोक्यात शिरलं नव्हतं. (जागा नव्हती, तिथं एनसीसी होती.)

“अग, मग माझा तंबू पडणार हे आधीच सांगायचं न!”

शीतल हातातली माती फ्रॉकला पुसत म्हणाली, “आमाला वाटलं, सहलीचा तंबू पडायसाठीच आसतो, सर.”