ओळखीची मूठ

चंद्रपूरजवळच्या आमच्या मूल गावात माझं तांदळाचं दुकान आहे. तराजूवर एक किलो नेमका भरला की ओळखीच्या गिऱ्हाइकाला मी वर एक मूठ टाकतो. मोजून देणं परक्यासाठी. बापानं शिकवलेलं एवढं एकच तत्त्व मी आयुष्यभर पाळलं आणि त्यातूनच माझी फजिती झाली.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. धान कापून झालं होतं, शेतात पुंजणे लागले होते. पुंजणं म्हणजे धानाच्या पेंढ्यांचा माणसाहून उंच ढीग. त्यावर चढायचं नाही, असं मी तिला सांगितलं होतं. खाली उभा राहून तिचा वर चढतानाचा फोटोही मीच काढला होता. ती घसरली आणि बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, टणक जमिनीवर डोकं आपटून पडली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तिला नाकावर बोट ठेवायला लावलं, चालवून पाहिलं. पडल्यावर लगेच रडली का, उलटी झाली का, झोपाळलेली वाटते का, असं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "घरी न्या. दोन दिवस लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, गुंगी आली, तर लगेच आणा."

"स्कॅन?" मी विचारलं.

"आत्ता गरज नाही. लहान मुलांना विनाकारण किरणं द्यायची नसतात."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढं टेंगूळ आणि हाती साधी चिठ्ठीही नाही! बायको म्हणाली, "बाईनं पाह्यलं ना नीट? झालं मंग." मी म्हणालो, "ते नवीन पोरगी आहे, तिले काय समजते!" एरवी डॉक्टर जास्त तपासण्या लिहून देतात म्हणून ओट्यावर बसून शिव्या देणारा माणूस मीच.

चंद्रपुरात माझा दोस्त स्कॅनची मशीन चालवतो. ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. फोन केला तर म्हणाला, "तुले चिठ्ठी लागते का बे? घेऊन ये पोरीले."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं गेलो. पोरगी खिडकीत बसून वाटेतली माकडं मोजत होती, सत्तावीस झाली. डोक्याला मार लागलेलं लेकरू सत्तावीसपर्यंत बिनचूक मोजतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मशीन पाहून ती घाबरली. ती हलू नये म्हणून मी आत थांबायचं ठरलं. दोस्तानं मला किरणं अडवणारं शिशाचं जड जाकीट चढवलं. शाल-श्रीफळ मिळाल्यासारखा मी ताठ झालो. काचेत स्वतःला पाहिलं, मोबाईलवर एक फोटोही काढला. बापाला शिशाचं कवच आणि पोरीला बापाची ओळख!

सुरू करण्याआधी दोस्त दारातून म्हणाला, "लहान पोराची सेटिंग वेगळी राह्यते. पण फोटो जरा मळकट येते. तुले एकदम झकास काढून देतो, मोठ्या माणसाचा काढतो तसा."

"झकासच दे," मी म्हणालो.

"मानही घेऊन टाकू का संगं?"

"घे ना बे, आलोच आहो तर."

शेवटी छातीचा एक एक्स-रे त्यानं आपल्या मनानं काढून दिला. वरची मूठ! मला गहिवरून आलं. असा दोस्त कोणाला मिळतो?

अहवाल अर्थातच नॉर्मल आला. पुढचे आठ दिवस मी ती फिल्म दुकानात उन्हाकडे धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "हे पाह्य, मेंदू. एकदम साफ." लोक कौतुकानं माना डोलवत. एकानं विचारलं, "भाऊ, अक्कल कुठी असते यात?" मी बोट ठेवून जागा दाखवली.

मग उन्हाळ्यात दोस्ताच्या घरी बारसं होतं. आम्ही सगळे गेलो. त्याचा मोठा मुलगा, माझ्या पोरीच्याच वयाचा, जिन्याच्या चार पायऱ्यांवरून गडगडत आला. डोक्याला टेंगूळ, माझ्या पोरीच्या टेंगळापेक्षा मोठं. बायका ओरडल्या. मी लगेच मोटरसायकलची किल्ली शोधू लागलो. "चाल बे, मशीन तुह्याच हातातली आहे!"

दोस्तानं मुलाला मांडीवर घेतलं. टेंगळावर ओला पंचा धरला. "लगेच रडला ना? उलटी नाई ना? काई नाई मंग. दोन दिवस लक्ष ठेवू."

"अन् स्कॅन?"

"पागल झाला का? एवढ्याशा लेकराच्या डोक्यात उगा किरणं काऊन टाकाचे?"

डॉक्टरबाईचेच शब्द होते, फक्त आमच्या झाडीबोलीत. माझ्या हातात किल्ली तशीच राहिली.

"माह्या पोरीच्या डोक्यात टाकले ते?"

तो पंचा पिळत राहिला. "तू मागून राह्यला होता ना. दोस्ताले नाई कसं म्हणू?"

"तुले मालूम होतं?"

"आमचं कामच आहे ते."

"मंग मान? छाती?"

"तुले बरं वाटलं होतं ना बे तवा?"

बरं वाटलंच होतं. मी त्याला चारचौघांत काहीबाही बोललो. मागे माझी मुलगी जिलेबीची प्लेट घेऊन उभी होती, हे मला दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग मले काऊन टाकलं, बाबा?"

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं, मी दोस्ताकडे. आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर द्यायला एकमेकांना पुढे करण्याची आमची घाई झाली.

परत आल्यावर फिल्म घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या रागावतील अशी आशा होती, तेवढंच हलकं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा झालं म्हणून घाबरून जाऊ नका. धोका फार लहान असतो. पण गरज नसताना तेवढा तरी का घ्यायचा? लहान मुलांना जपावं लागतं, त्यांचं सगळं आयुष्य पुढे असतं."

"काई औषध? दिलेली किरणं कमी करायचं?"

"दिलेलं परत काढता येत नाही हो. फक्त पुढचं टाळता येतं."

दुकानात तराजूत जास्त पडलं तर मूठ परत पोत्यात टाकता येते. ही मूठ मी आठ दिवस दुकानात मिरवली होती.

दोस्ताशी बोलणं आजही आहे, पण हालहवाल विचारण्यापुरतं. त्यानं मला फसवलं असं मी म्हणतो तेव्हा बायको भाजी चिरताचिरता फक्त एवढंच म्हणते, "त्यानं तुमाले फसवलं. अन् पोरीले कोणं?"

मागल्या पावसाळ्यात पोरीला ताप आणि खोकला आला, तो हटेना. त्याच डॉक्टरबाईंनी छातीचा एक्स-रे सांगितला. मी तोंड उघडण्याआधी पोरीनं विचारलं, "लागतेच का?"

"लागतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छातीत कफ आहे का ते कळलं तर योग्य औषध देता येईल. एकच फोटो, तुझ्या मापाचा, कमी किरणांचा."

"फक्त छातीचाच?"

"फक्त छातीचा."

ती उठली. मी सवयीनं तिच्या मागे निघालो. मनात म्हटलं, हात धरू, हलणार नाही. दारात ती थांबली. नऊ वर्षांची झाली होती, माझ्या छातीपर्यंत आली होती.

"तुमी इथीच बसा, बाबा," ती म्हणाली. "मी नाई हलत."

मी बाकावर बसलो.