ट्रकचा एक्सल, ब्रुनीची गाडी

"मला गाडी नुसती पळालेली बघायची नाही, ती सरळ पळालेली बघायची आहे," असं इसाबेलिनो एकदा म्हणाला होता. सालिनास गावच्या पोरांनी ते त्याच्याच घोगऱ्या आवाजात इतक्यांदा म्हणून दाखवलं, की पुढे पुढे त्याचं त्यालाच हसू यायला लागलं.

साखर कारखाना चालू होता तोवर तो तिथे वेल्डिंग करायचा. कारखाना बंद पडला, उसाच्या रानात गवत माजलं. इसाबेलिनोने हळहळ फार केली नाही. स्वतःचं वेल्डिंग मशीन त्याने घरासमोरच्या छपराखाली मांडलं, शेजारी एक मोडकी आरामखुर्ची टाकली आणि तिथेच त्याचं आयुष्य बरं चाललं. गावाला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. जुन्या, चिमुकल्या टोयोटा. पोटात मात्र राक्षसासारखं इंजिन. सुटताना ती सगळी ताकद मागच्या चाकांवर एकदम येते आणि ती दोन चाकं जोडणारा मूळचा बारीक एक्सल काडीसारखा मोडतो. मग ती गाडी इसाबेलिनोकडे येते. भंगारातल्या फोर्ड ट्रकचा दणकट एक्सल घ्यायचा, त्याची नळी दोन्ही बाजूंनी कापून आखूड करायची, पुन्हा जोडायची आणि तो त्या छोट्या गाडीखाली बसवायचा, हे त्याचं काम.

त्याच्या स्वतःच्या मुलीने, ब्रुनिल्डाने, मात्र तो बसवू दिला नव्हता. "नको बाबा, वजन वाढतं," म्हणायची. गेल्या शर्यतीत ती गाडी घेऊन सुटली आणि गाडीचा एक्सल मोडला. चाक एकटंच पुढे पळत गेलं, गाडी भिंतीला धडकली. ब्रुनीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण त्यानंतर ती गाडीकडे पाहायची ती अंगावर आलेल्या कुत्र्याकडे पाहावं तशी.

"बसवा तुमचा एक्सल," ती शेवटी म्हणाली. "पण रविवारी शर्यतीत उतरायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही नको म्हणालात तर गाडी विकून टाकते."

इसाबेलिनोला ही जबाबदारी नको होती. नको म्हणावं तर पोरगी सुकून जाईल. हो म्हणावं तर ते चाक त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्याने काम सुरू केलं. वेल्डिंगचा बोटभर टाका इकडे, बोटभर टाका समोरच्या अंगाला, मग खुर्चीत बसून राहायचं. लोखंड आपसूक निवेपर्यंत हात लावायचा नाही. मधे तुरीचे दाणे घातलेला भात खायचा, कॉफी प्यायची. मग एक्सलच्या नळीतून सरळ पोलादी दांडा घालून बघायचा. दांडा एका बोटाने सरकला पाहिजे. अडला, तर नळी कुठेतरी वाकली.

शुक्रवारी दुपारी दांडा लोण्यातून जावा तसा गेला. एक्सल गाडीला अडकवायच्या पट्ट्या त्याला जोडायच्या तेवढ्या राहिल्या. इसाबेलिनो एका मयताला गेला.

इथली रीत अशी, की शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी गाडी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभी करायची, बॉनेट उघडून. लोक बिअर पीत तिच्याभोवती फिरतात. जी गाडी येत नाही ती घाबरली, असं समजतात. आपल्या बायकोची गाडी घाबरली असं कुणी म्हणावं, हे ब्रुनीच्या नवऱ्याला, एफ्राइनला, सोसणारं नव्हतं. सासरा येईपर्यंत जावयाने एकाच अंगाच्या सगळ्या पट्ट्या एका दमात जोडल्या आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

इसाबेलिनो परतला, त्याने दांडा घातला. दांडा अर्ध्यावर अडला.

"कुणी केलं हे?"

"मी, मिस्त्री. म्हटलं, तुमचा भार हलका करावा."

"केलास की! आता हे केळं आहे की एक्सल, ते सांग."

"लोक काय म्हणतील दुकानापाशी—"

"म्हणतील जावई हुशार आहे. मी त्यांना खरं काय ते सांगीन."

ब्रुनी दारात उभी होती. "राहू द्या बाबा," ती म्हणाली. "गाडीच्या मनात नसेल."

"गाडीला मन नसतं. नवरा आहे तुझा, त्याला मात्र घाई आहे." इसाबेलिनोने चष्मा चढवला. "एफ्राइन, टोपी काढ. आता इथे बस, आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. श्वास घेतलास तरी चालेल."

संध्याकाळी दुकानासमोर गाडी गेली नाही. शनिवारी सकाळी इसाबेलिनोने पट्ट्यांच्या बरोबर उलट्या अंगाला खडूने खूण केली आणि तेवढीच जागा ज्योतीने लाल केली. तापलेलं लोखंड निवताना आखडतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं; जिकडे वाकली त्याच्या उलट. मग खुर्ची. दांडा घातला, थोडा पुढे गेला, अडला. पुन्हा ज्योत, पुन्हा खुर्ची. दुकानातून आलेल्या दोघांनी विचारलं, "काय मिस्त्री, गाडी घाबरली म्हणे?"

"हो," इसाबेलिनो म्हणाला. "तुमचं तोंड बघून."

एफ्राइन हसला. बऱ्याच वेळाने ब्रुनीही हसली आणि बापाशेजारी जमिनीवर येऊन बसली. लोखंड निवताना बारीक टिकटिक वाजत होतं. तिघंही ते ऐकत बसले. इसाबेलिनोला वाटलं, असंच बसून राहायला मिळालं तर रविवार आला नाही तरी चालेल.

उन्हं छपराखाली शिरली तेव्हा त्याने नळीवर तळहात ठेवला. गार होती.

"तू घाल," तो ब्रुनीला म्हणाला.

"मी?"

"तुझं बोट."

तिने दांड्याचं टोक नळीच्या तोंडाशी धरलं, एका बोटाने ढकललं. दांडा सरकत गेला, मधली जागा ओलांडून गेला आणि पलीकडच्या तोंडातून हातभर बाहेर आला. एफ्राइनने टाळी वाजवली. ब्रुनीने तो मागे ओढून पुन्हा ढकलला, मग पुन्हा, आणि मग बापाकडे वळली.

"मग बाबा? उद्या?"

इसाबेलिनोने खिशातून गाडीची किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली, हातमोजे खुर्चीवर टाकले आणि छपराखालून बाहेर पडला.