थुंकायची बादली

वाळवंटातल्या त्या द्राक्षमळ्यात आमच्यापुढे पांढऱ्या वाइनचे पेले मांडले होते आणि मधोमध थुंकायची बादली. "एक घोट जिभेवर घोळवा आणि थुंका," मळ्याचा माणूस म्हणाला. "गिळलंत तर पुढची चव कळणार नाही." झालं! चांगली शिकलेली माणसं चुळा भरू लागली, पचापच थुंकू लागली आणि थुंकून झाल्यावर "वा, लिंबाच्या सालीचा वास!" म्हणू लागली. बादलीत सगळ्यांचं उष्टं फेसाळत होतं. तरी मीही थुंकले, कारण चारचौघांत अडाणी दिसायची लाज किळसेहून मोठी निघाली.

माझी ताई मात्र प्रत्येक घोट गिळत होती. "अगं, थुंक की," मी कुजबुजले.

"येताना हंडे घेऊन निघालेल्या बायका बघितल्यास ना?" ती म्हणाली. "इथं ओलं काही थुंकवत नाही मला."

निघताना त्या माणसानं बादली कुंपणाबाहेर उपडी केली. फेस विरायच्या आत वाळूनं आमचं उष्टं पिऊन टाकलं, आणि मला माझ्याच तोंडाची किळस आली.