माझ्या सहीचं पान

कुकटपल्लीच्या आमच्या ऑफिसात सर्किट बोर्ड काढायची एक रीत होती. गणित इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवर करायचं, उत्तराचं पान छापायचं, खाली सही करायची आणि फाइलला टाचायचं. पान टाचलं की गणित संपलं. मग त्या पानाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

सोलर पंपाच्या कंट्रोलरचं असं एक पान माझ्या सहीचं होतं. बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही ट्रॅक म्हणतो. वीज त्यांतूनच वाहते. पट्टी अरुंद पडली की तापते. किती रुंद ठेवायची ते कॅल्क्युलेटर सांगतो, पण आधी तो चार गोष्टी विचारतो: वीज किती, तांबं किती जाड, किती तापलेलं चालेल आणि पट्टी बोर्डाच्या बाहेरच्या थरावर आहे की आतल्या. बाहेरच्या पट्टीला हवा लागते. आतली दोन्ही बाजूंनी कोंडलेली असते. माझी पट्टी बाहेर होती, दहा अँपिअरची, आणि उत्तर आलं अडीच मिलिमीटर. मी सही केली.

त्यानंतर तीन दिवस मी रजेवर होते. तेवढ्यात गिऱ्हाइकाने बोर्ड लहान करून मागितला. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेले आमचे मॅनेजर कामाला वाघ, पण वाट बघणं त्यांना जमत नाही. त्यांनी शेजारच्या डिझायनरला सांगून ती पट्टी आतल्या थरात सरकवली. रुंदी तीच ठेवली आणि फाइलमधलं पानही तेच राहू दिलं, माझ्या सहीचं.

परत आल्यावर ड्रॉइंग उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आतल्या थराला सहा मिलिमीटरच्या वर लागतात. मी ड्रॉइंग घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, सही तुमचीच आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग? स्वतःचंच गणित चूक म्हणताय?"

"गणित चूक नाही, सर. पट्टी तिथे नाही."

"एवढ्याने काही होत नसतं. कॅल्क्युलेटर घाबरटच असतात, भरपूर राखून सांगतात. नमुना तातडीने बनवून घेतलाय, चालवून बघू."

नमुन्याचा बोर्ड टेबलावर ठेवून दोन तास दहा अँपिअर सोडले. हॉलमध्ये एसी एवढा, की मी बारा महिने शाल ठेवते. बोर्ड तापला, बोट टेकवत नव्हतं, पण टिकला. मॅनेजरनी सगळ्यांदेखत मला टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली नाही. अपमान झाला होता आणि तो गिळायची मला सवय नाही.

"हा पंप एसीत बसणार आहे का?" मी विचारलं. "पत्र्याच्या डब्यात, उन्हात बसणार आहे. मला हा बोर्ड, एक डबा आणि पॉवर सप्लाय घरी न्यायचाय."

"न्या की," ते हसून म्हणाले आणि गेट पासवर सही केली. "पण सोमवारी बोर्ड कारखान्यात छपाईला जाणार म्हणजे जाणार. मग ते पानही तसंच राहील."

म्हणजे माझ्याकडे शनिवार-रविवार होता. नाहीतर कुठल्या तरी शेतात तो बोर्ड जळणार, भर उन्हाळ्यात त्या माणसाचं पाणी बंद पडणार, आणि फाइल उघडली तर खाली सही माझी.

गेटवर वॉचमनने सामान पाहिलं. "क्या मॅडम, घर में फॅक्टरी खोलरे क्या?"

"हौ," म्हटलं आणि ऑटोत बसले.

आमचं घर काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. आई गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. मे महिन्यात गच्ची तिची असते. शनिवारी सकाळी तिच्या कुरडयांशेजारी मी पत्र्याचा डबा मांडला, आत बोर्ड ठेवला आणि स्वयंपाकघरातून वायर ओढली.

"हे काय वाळवायलीस?" आईने विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती साडीचा पदर डोक्यावर ओढून उभ्यानेच ऐकत होती. शाळेत तिचा एक नियम होता: गणित सोडवायच्या आधी प्रश्न पूर्ण उतरवून घ्यायचा. नुसतं उत्तर लिहिलं तर ती अर्धा मार्क कापायची, पोटच्या मुलीचाही. त्या अर्ध्या मार्कासाठी मी तिच्याशी वर्षानुवर्षं भांडले आहे.

"तुझ्या त्या पानावर प्रश्न लिहिलेलाय का नुसतं उत्तर?" तिने विचारलं.

पानावर उत्तर ठळक होतं. थर बाहेरचा की आतला, ते खाली बारीक अक्षरात एका कोपऱ्यात. मी तसं सांगितलं.

"मग कापायला पाह्यजे," ती म्हणाली आणि कुरडया उलथू लागली.

बारा वाजता डब्यातला थर्मामीटर साठच्या वर गेला. मी दहा अँपिअर सोडले. पाऊण तास काही नाही. खरं सांगते, त्या पाऊण तासात मला बोर्ड जळायला हवा होता, आणि तो जळत नाही म्हणून घाम फुटला होता. दर पाच मिनिटांनी वाकून डब्याला कान लावत होते. सोमवारी त्या टाळीच्या हातासमोर कसं उभं राहायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

मग आई ओरडली, "अगं बंद कर, माझ्या कुरडयांना वास लागंल!"

झाकण उघडलं. बोर्ड मधोमध फुगला होता, पट्टीच्या बरोबर वर तपकिरी डाग पसरला होता. मी गच्चीवर एकटीच टाळी वाजवली. आईने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि कुरडयांची ताटं दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

सोमवारी तो बोर्ड मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. मग छपाई थांबवली आणि पट्टी रुंद करायला सांगितली. वाईट माणूस नाही तो. पण मला पुन्हा बोलावलं.

"गिऱ्हाइकाला आठवडा उशीर कळवावा लागेल. मेल तुम्हीच टाका. कॅल्क्युलेशन एरर, एवढंच लिहा. दोन शब्दांत विषय संपतो."

विषय संपतो, पण माझ्या डोक्यावर संपतो. मी जागेवर आले, फाइलमधलं माझं पान पिन उचकटून काढलं आणि मेल लिहिला. पाठवण्याआधी त्यांना दाखवला: "कॅल्क्युलेशन बरोबर होतं. बोर्ड बदलल्यावर आम्ही ते पुन्हा केलं नाही."

त्यांनी दोनदा वाचलं.

"आम्ही म्हणजे कोण, मॅडम?"

"तुम्ही म्हणत असाल तर नाव घालते, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आम्हीच राहू द्या," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच पाठवायचं बटण दाबलं. मग नवं गणित करायला बसले. पान छापलं आणि सही करण्याआधी वरच्या मोकळ्या जागेत पेनने अख्खा प्रश्न उतरवला: दहा अँपिअर, आतला थर, पत्र्याचा डबा, मे महिन्यातलं ऊन.